लोचेनटालमध्ये डोंगर कोसळला तेव्हा

स्वित्झर्लंडला येणारी आपली मंडळी युंगफ्राऊ आणि टिटलिस करून परत जातात. लोचेनटालची दरी कुणाच्या यादीत नसते. बर्नहून निघालेली गाडी कांडरस्टेगनंतर साडेचौदा किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि थेट गोपेनस्टाइनला बाहेर पडते. तिथून पिवळी बस दरीत जाते. हा बोगदा १९१३ साली सुरू झाला, त्याआधी ही दरी जगापासून फार तुटलेली होती.

फेर्डन, किपेल, विलर, ब्लाटेन अशी चार गावं लोन्झा नदीच्या काठाने वर वर जातात. घरं लार्चच्या लाकडाची, उन्हाने काळीभोर झालेली. धान्याची जुनी कोठारं मला सगळ्यात आवडली. ती लाकडी खांबांवर उभी असतात आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक चपटा गोल दगड ठेवलेला असतो, म्हणजे उंदीर तिथवर चढला तरी पुढे जाऊ शकत नाही. फेब्रुवारीत याच गल्ल्यांतून भेसूर लाकडी मुखवटे घातलेले चेगेटा फिरतात. अंगावर बकऱ्याचं कातडं, कमरेला गाईची घंटा.

२८ मे २०२५ ला दुपारी ब्लाटेनवर हिमनदी कोसळली. वरच्या शिखराचे कडे आधी काही दिवस तुटत होते. तो सगळा दगड बर्च हिमनदीवर साचला आणि त्या भाराने ती खाली आली. गावाचा सुमारे ९० टक्के भाग गाडला गेला. लोन्झा अडली, तळं झालं, उरलेली घरं त्यात बुडाली. पण गावातले तीनशे लोक नऊ दिवस आधीच बाहेर काढले होते, गुरांसकट. जखमी गाईला तर हेलिकॉप्टरने नेलं! डोंगराच्या हालचालीवर सतत नजर होती, म्हणून हे जमलं. तरीही एकाचा जीव गेलाच.

मला राहून राहून माळीण आठवतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथे दीडशेहून जास्त माणसं गेली. सह्याद्रीत हिमनदी नाही, तिथे पावसाने माती सुटते, आणि ती एवढी आधी सांगून येत नाही हे खरं. पण पाऊस मोजता येतो, उतारावरच्या भेगा बघता येतात, धोक्याच्या रात्री वस्ती हलवता येते. माळीणनंतर नऊ वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, इर्शाळवाडीतली माणसं झोपेत गेली. त्याचा मला आजही राग येतो.