तीन फिती

नायब सुभेदारीची बातमी आली तेव्हा मी कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, हत्यारं मोजत होतो. क्लार्क दारातूनच ओरडला, "हवालदारसाब, मिठाई काढा!" मी मान हलवली आणि मोजणी चालू ठेवली. एक रायफल कमी भरली. परत मोजली, तर बरोबर. रायफल जागेवरच होती, लक्ष जागेवर नव्हतं.

आता हे प्रमोशन काही आभाळातून पडत नाही. कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, पास व्हायचा, वर्षावर्षाचे रिपोर्ट चांगले लागायचे, मेडिकल शेप वन, म्हणजे तब्येत एकदम फिट पाहिजे, आणि एवढं करून वर जागा रिकामी व्हायची वाट बघायची. ती वाट मी कितीतरी वर्षं बघितली होती. आणि बातमी आल्यावर पहिला विचार काय आला, तर घरी फोन कसा करायचा!

कारण हवालदार 24 वर्षांनी पेन्शनवर येतो, नायब सुभेदार 26 वर्षांनी. हा हिशेब बायकोला माझ्यापेक्षा पक्का पाठ. "चांगलं झालं की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे अजून दोन वर्षं." पुढं ती विहिरीच्या मोटारीबद्दल बोलत राहिली. मोटार जळली होती खरी, पण एवढी बोलण्यासारखी नव्हती.

गावात मात्र गोंधळ उडाला. "नायब म्हणजे नायब तहसीलदारासारखं का?" चुलत्यांनी विचारलं. आळीतले जुने पेन्शनर म्हणाले, "जमादार झाला म्हणा की!" त्यांचं चूक नव्हतं. 1965 पर्यंत या हुद्द्याला जमादारच म्हणत. पण आमच्याकडं जमादार म्हणजे पोलीस, त्यामुळं अर्ध्या आळीला मी सैन्य सोडून पोलिसात गेलो असं वाटलं. पोरांनी चौकात फ्लेक्स लावला, त्यावरनं 'नायब' गाळून थेट सुभेदार केलं. फोटोत बाहीवर फिती मात्र हवालदाराच्याच.

त्या फिती काढल्या कागलनं. कागल हे त्याचं गाव. पलटणीत नावापेक्षा गाव लवकर चिकटतं. बेळगावच्या सेंटरला रंगरूट म्हणून आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर होतो. तो माझ्यापेक्षा हुशार, मॅप रीडिंग तर त्यानंच मला शिकवलं. पण डोंगरात एकदा गुडघा गेला, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि त्याचा नंबर मागं पडला. पिपिंगच्या, म्हणजे खांद्यावर तारे लावायच्या, आदल्या रात्री तो ब्लेड घेऊन माझ्या खाटेवर बसला. एकेक टाका सोडवत होता, कापड कुठं फाटू न देता. शर्ट धुऊन धुऊन विटला होता. फिती निघाल्या तिथं खाली तीन गडद खुणा, कापडाचा मूळचा रंग.

"हे काय जात न्हाई लेका," तो बाही उजेडात धरून म्हणाला. "नवा शर्ट शिव."

ते त्याचं शेवटचं 'लेका'.

सकाळी एका खांद्यावर पलटणीच्या प्रमुखांनी, सीओ साहेबांनी, तारा लावला, दुसऱ्यावर सुभेदार मेजर साहेबांनी. पेढे वाटले. पेढ्यांचं ताट कागलपुढं नेलं, तर तो सावधान झाला. "राम राम, साब." मी हळूच म्हटलं, "अरे, मी आहे." त्याची नजर माझ्या टोपीच्या वर. बरोबरच होतं त्याचं. मागं त्याच्या सेक्शनची पोरं उभी होती. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, फक्त इतकं चांगलं जमलं नसतं.

एक सांगायचं राहिलं. साहेब लोक पाठमोरे झाले की कागल त्यांची नक्कल करायचा. कोण कसा चालतो, कोण ओरडायच्या आधी पट्टा कसा वर ओढतो. त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचो ते मी.

दुपारी जेसीओ मेसमध्ये, म्हणजे नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरांपर्यंतच्या मेसमध्ये, पहिलं जेवण. पांढरा टेबलक्लॉथ, काचेचा ग्लास, वाढायला पोरगं. त्यानं "साब, और दाल?" विचारलं तेव्हा ते मला विचारतंय हे कळायला क्षणभर लागला. खिडकीतून जवानांच्या लंगरची, जेवणाची, रांग दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. मग-थाळ्यांचा खडखडाट, कुणाची तरी घाई. अचानक अख्खी रांग हसली.

मी नकळत पट्टा वर ओढला, आणि डाळ घेतली.