देठांचा हिशेब

सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "ताई, मिरचीच्या देठांचं काय करता?"

मी पिशवीत चटणीच्या मशीनचं आठ लाखांचं कोटेशन, आधार-पॅनच्या झेरॉक्स, चार पासपोर्ट फोटो आणि पासबुक घेऊन गेले होते. अनुदान किती पाहिजे, मशीन कुठलं घेणार, जागा कुणाच्या नावावर, सगळी उत्तरं एसटीत बसून पाठ केली होती. देठांचं उत्तर काही पाठ नव्हतं.

"टाकून देतो की."

"वजन करून टाकता, का तसंच?"

आता देठ कोण वजन करून टाकतं! मला वाटलं, माणूस जरा चक्रम आहे.

कोल्हापूर भागाबाहेरच्या वाचकांसाठी आधी एक सांगते. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढायची ती नव्हे. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, खडा मसाला असं सगळं भाजून-तळून डंकावर, म्हणजे मुसळांच्या यंत्रावर, कुटलेलं जे लाल तिखट वर्षभर भाजी-आमटीत पडतं, ती चटणी. फेब्रुवारी ते मे तिचा हंगाम. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची येते, रंगासाठी ब्याडगी आणायची, आणि कांडप गिरणीसमोर डबे घेऊन नंबर लावायचा. नणंदेला पुण्याला पाठवायची म्हणून २०१५ साली मी पाच किलो जास्त केली. तिच्या सोसायटीतल्या बायकांनी मागितली, त्यांच्या मुंबईतल्या बहिणींनी मागितली, आणि सात वर्षांत मी हंगामाला आठ-नऊशे किलोवर गेले. धंदा म्हणायला कुणी लावलं नव्हतं, मीही म्हणत नव्हते.

२०२२ च्या एप्रिलात मात्र डोक्यात मशीन शिरलं. एक मशीनवाला घरी येऊन गेला होता. डंक, पल्वरायझर म्हणजे दळायचं मशीन, पॅकिंग मशीन मिळून आठ लाख, "अनुदानाचं आम्ही बघतो" असं वर आश्वासन. त्याआधी तालुक्यातल्या एका एजंटानं उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, माझ्याकडून अडीच हजार घेतले होते. ती नोंदणी सरकारी वेबसाइटवर फुकट होते, आधार, पॅन आणि मोबाइल एवढंच लागतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं होतं!

आमच्या बचत गटाच्या सहयोगिनी ताईंनी मला सीएमआरसीत यायला सांगितलं. लोकसंचालित साधन केंद्र हे त्याचं पूर्ण नाव, पण ते फक्त बोर्डावर. माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, गटांनी एकत्र येऊन चालवलेलं ऑफिस. म्हणजे त्याची कार्यकारिणीही आमच्यासारख्याच बायकांची. दोन खोल्या, एक कपाट रजिस्टरांचं, एक प्रिंटर. बाजारादिवशी तिथं डीआरपी सर यायचे. डीआरपी म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती. केंद्र सरकारनं २०२० साली आणलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, तिच्यासाठी कृषी विभागानं नेमलेले. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल करणं, बँकेत पाठपुरावा करणं हे त्यांचं काम. लाभार्थ्यानं त्यांना एक पैसाही द्यायचा नसतो.

तर देठ.

सरांनी कोटेशन उघडलंच नाही. म्हणाले, "येत्या घाण्याचं सगळं वजन करा. आत जाणारं, बाहेर येणारं, टाकलेलंसुद्धा. कुणी काय किती वेळ केलं तेही लिहा. मग या."

मी रागातच घरी आले. पण लिहिलं. मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीतली मागची पानं घेतली. दहा किलो मिरची आणली. देठ मोडून, तीन दिवस कडक ऊन देऊन काट्यावर ठेवली तर साडेआठ. माझे दीड किलो कुठं गेले म्हणून मी काटा उलटा-पालटा करून बघितला. आठ किलो कांदा चिरून तळला, तो उरला दीड किलोच्या आसपास. मी सात वर्षं धरून चालले होते की दहा किलो मिरचीत चोवीस किलो चटणी निघते. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, तसं सांगितलेलं आणि त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. काट्यावर एकवीस भरली.

आत्ती म्हणाल्या, "काटा खोटा आहे." दुसरा काटा आणला, शेजारच्या दुकानातला. एकवीस.

पुढच्या बाजारी वही घेऊन गेले. सरांनी माझ्यासमोरच आकडे मांडले. माल आणि कांडपाची मजुरी मिळून ७,२३५ रुपये. इथपर्यंतचा हिशेब मी नेहमी करायचे, त्याला चोवीसनं भागायचे, तीनशे एक रुपये यायचे आणि चारशेनं विकताना खूश व्हायचे. मग त्यांनी खालच्या ओळी वाढवल्या. गॅस १५०. पिशव्या आणि लेबल २५०. देठ मोडायला, कांदा चिरायला आलेल्या बायकांचे तीन रोज, तीनशेनं ९००. टेम्पो आणि पार्सल २००. इथं थांबून त्यांनी विचारलं, "तुमचे किती दिवस गेले?"

"माझे कसले? मी घरचीच."

"दुसरीकडं रोजानं गेला असता तर?"

दोन दिवसांचे ६०० लिहिले. एकूण ९,३३५. भागिले एकवीस. किलोला ४४५ रुपये पडत होते आणि मी चारशेला देत होते. शिवाय दुकानदाराला ३६० ने, आणि ओळखीच्यांना वर एक मूठ. नऊशे किलोंचा गुणाकार सरांनी मुद्दाम मला करायला लावला. तो आकडा इथं लिहीत नाही. आमचे मिस्टर ही पोस्ट वाचतात.

वाईट वाटलं ते त्या ६०० रुपयांचं. सात वर्षं माझ्याच वहीत मी नव्हते.

त्यानंतर कोटेशन निघालं. सरांचा सवाल सरळ होता : हंगामात काम नेमकं कुठं अडतं? मी म्हटलं, कांडपावर, नंबर लागत नाही. "वहीत बघा." वहीत बघितलं तर कांडपावर गेले होते साडेचार तास, आणि वळीव आला म्हणून मिरची घरात पसरून बसले होते चार दिवस. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं दुपारी चारला आभाळ भरून आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा भिजलेली मिरची परत वाळवली तर तिचा रंग जातो, आणि आतून बुरशी धरली तर अख्खा घाणा उकिरड्यावर. दरवर्षी तीस-चाळीस किलो मिरची अशी जायची. ते नुकसान मी पावसाच्या नावावर टाकायचे, धंद्याच्या नाही.

मला आधी लागत होता ड्रायर. आठ लाखांच्या कोटेशनमध्ये ड्रायर नव्हताच.

पल्वरायझर सरांनी काट मारून काढला. फिरत्या पात्यांत माल तापतो, तेल सुटतं, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते कुटलेल्या चटणीचे. हे तर मलाही माहीत होतं. मशीनवाल्यासमोर बोलायचं धाडस झालं नव्हतं. पॅकिंग मशीन काढलं, हातानं दाबायचा सीलर ठेवला. शेवटी यादी राहिली ती अशी : ट्रे ड्रायर, भाजायला रोस्टर, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करून घेतलेला दोन मुसळांचा डंक, सीलर, एक चांगला काटा आणि थ्री-फेज मीटरचा खर्च. ३ लाख ४० हजार.

मी विचारलं, "सर, आपल्या जिल्ह्याला तर गूळ आहे ना?" एक जिल्हा एक उत्पादन, त्यात कोल्हापूरला गूळ, आणि त्यामुळं चटणीला काही मिळणार नाही असं मला दोघांनी सांगितलं होतं. सरांनी सांगितलं, चालू धंदा वाढवायचा असेल तर दुसऱ्या उत्पादनालाही चालतं. चालू आहे हे दाखवा म्हणजे झालं. मग जुन्या पार्सलच्या पावत्या, फोन-पेचे स्टेटमेंट आणि अन्न परवान्याची नोंदणी कामाला आली. ती नोंदणी बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपयांत व्हायची. तीही मी अडीच हजारवाल्याकडूनच करणार होते.

अनुदानाचं त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं, कारण इथंच सगळे फसतात. खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख. माझे झाले १ लाख १९ हजार. आपले दहा टक्के, म्हणजे ३४ हजार, आधी घालायचे. बाकी कर्ज. अनुदान येतं ते बँकेत आपल्या नावानं वेगळं पडून राहतं. तीन वर्षं हप्ते नीट गेले तरच कर्जातून वजा होतं. रोख कधीच हातात येत नाही. "हे घरी सगळ्यांना सांगा," म्हणाले. सांगितलं. आत्तींनी मान हलवली.

बँकेनं फाइल दोनदा परत पाठवली. बँकेचं नाव घेत नाही. पहिल्यांदा कारण दिलं, जागा सासऱ्यांच्या नावावर. दुसऱ्यांदा दिलंच नाही. तिसऱ्यांदा सर स्वतः माझ्याबरोबर येऊन साहेबांच्या टेबलासमोर पाऊण तास बसले. तिथं समजलं, लॉकडाऊनमधला मायक्रोफायनान्सचा एक हप्ता माझ्या सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, थकीत म्हणून चिकटलेला होता. मी भरला होता, त्यांनी चढवला नव्हता. ते पत्र आणायला महिना गेला. नोव्हेंबरात मंजुरी आली, डिसेंबरात ड्रायर.

मला नंतर कळलं की डीआरपींना पगार नसतो. कर्ज मंजूर झालं की मानधन, तेही अर्धं. उरलेलं अर्धं युनिट उभं राहिल्यावर आणि नोंदण्या झाल्यावर. म्हणजे मला घरी पाठवून वजनं करायला लावली त्या दिवसांचे त्यांना काही मिळालं नाही. आठ लाखांची फाइल तशीच पुढं ढकलली असती तर बिघडलं नसतं. मी एकदा विचारलंच. हसून म्हणाले, "ताई, तीन वर्षांनी तुमचं खातं थकलं तर बाजारात गाठ माझीच पडणार."

सगळीकडं असं नसतं हेही सांगते. मार्गदर्शन मेळावे मी सात-आठ केलेत. बुके, शाल, दीपप्रज्वलन, पडद्यावर योजनांची नावं, जेवण चांगलं. प्रश्न विचारायला उभं राहिलं की "ऑफिसला भेटा". एका ऑफिसात भेटले तर तिथल्या बाईंनी विचारलं, कोणती योजना पाहिजे? जसं काही मी साड्यांच्या दुकानात आलेय. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं आहेत, आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, राहून-खाऊन फुकट प्रशिक्षण मिळतं, आमच्या गल्लीतल्या एका मुलाला नव्या फॅब्रिकेशन शॉपसाठी पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, वाट उद्योग केंद्रानंच दाखवली. ती योजना मुळात नव्या धंद्यासाठी, मला चालली नसती. दारं आहेत, पण आत बसलेला माणूस वही मागतो की कोटेशन, यावर सगळं ठरतं. माझं नशीब बरं होतं.

लेबलावरून आमचं भांडण झालं होतं, तेवढं सांगते. मला पाकिटावर नऊवारीतली बाई, जातं आणि "शुद्ध, घरगुती, १०० टक्के" पाहिजे होतं. सर म्हणाले, आधी मागची बाजू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच नंबर, महिना, कधीपर्यंत वापरावी, पत्ता, तक्रारीचा फोन, हिरवा ठिपका. सगळं बसवून उरलेल्या जागेत नऊवारीतली बाई काही मावेना. मी तीन दिवस बोलले नाही. शेवटी जातं राहिलं. जात्यावर आम्ही चटणी करत नाही, पण राहिलं.

आणि किंमत. ५२० केली. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकताना हात थरथरत होता. एकशे दहा घरांपैकी तेरा घरांनी सोडलं, त्यात माझी सख्खी मामेबहीण. दुकानदारानं ३६० च्या वर जायला नकार दिला, तर मीच त्याला सोडलं. त्या वर्षी नऊशेच्या जागी सातशे किलो विकली. वहीत पहिल्यांदा माझा रोज वजा जाऊन खाली काहीतरी उरलं. वळीव चार वेळा आला. ड्रायर चालू होता, मी दारात उभी राहून नुसता बघत होते.

यंदा जानेवारीत तीन वर्षं पुरी झाली. बँकेतून मेसेज आला, १ लाख १९ हजार कर्जात वळते झाले, आता चार हप्ते उरले. मी ओरडतच आत गेले. आत्ती लसूण सोलत होत्या.

"मिळालं अनुदान?"

"मिळालं!"

"हातात किती आले?"

"हातात नाही येत आत्ती, सांगितलं होतं की. कर्जातून कमी झाले."

त्यांनी पाकळी ताटात टाकली. "मग एवढं हिंडलीस कशाला?"