पाच दिवसांची गोळी, दीड वर्ष

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या घरी फिजिओ येते ती चालवायला, असा समज असतो. मी आधी बीपी बघते. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, उभं केल्यावर मिनिटाने, मग तिसऱ्या मिनिटाला. या आजींचा वरचा आकडा आडवं असताना १४८, उभ्याने ११०. २० ने उतरला तरी आम्ही सावध होतो. घरच्यांनी बाथरूमच्या फरशा बदलल्या, दांडे बसवले. आजी पडायच्या पलंगाशीच, पहाटे लघवीला उठताना.

"वहिनी, सगळ्या गोळ्या दाखवता?"

पिशवी आली. कात्रीने कापलेल्या स्ट्रिपा, निम्म्यांवर नावच नाही. केमिस्ट लोक हे का करतात, देव जाणे. बीपीच्या दोन गोळ्या, एकीत लघवी वाढवणारं औषध. झोपेसाठी अल्प्राझोलाम. आणि चक्करवर प्रोक्लोरपेराझिन. चिठ्ठीवर स्पष्ट 'पाच दिवस'. आजी दीड वर्ष घेत होत्या. जुना कागद दाखवला की दुकानात मिळायची.

ही गोळी मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, अडवते. चेहरा थिजतो, पावलं घासत पडतात, वळताना तोल जातो, हुबेहूब पार्किन्सन. वर बीपीही उतरवते. म्हणजे उभं राहताना बीपी पडून येणाऱ्या चक्करवर बीपी आणखी पाडणारं औषध! कानाच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळ्या ठाऊक नव्हत्या, बीपीच्या डॉक्टरांना चक्करची. हाडांच्या डॉक्टरांचं निदान एकच: वय झालंय.

औषध बंद करणं माझ्या हातात नाही. फिजिशियनना फोन केला. फिजिओचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे आमच्याकडे दुर्मीळच. चक्करची गोळी थांबली, लघवीचं औषध गेलं. दोनेक महिन्यांत आजी पाय उचलून टाकायला लागल्या.

अडलंय ते अल्प्राझोलामवर. ती एकदम तोडता येत नाही, हळूहळू उतरवावी लागते. आजोबा गेल्यापासून आजी ती घेतात. मी समजावायला गेले तर म्हणाल्या, "पडले तर पडले. रात्रभर आढ्याकडे बघत तू बसणारेस का?" यावर काय बोलणार?

आता अर्धी द्यायची ठरलंय. उरलेला तुकडा त्या कुठेतरी साठवतात, असा सुनेला संशय आहे. मलाही आहे. गुरुवारी उभ्याचं बीपी छान होतं, तरी जीभ जड होती आणि वळताना पाय अडखळला.