शेततळ्यात तपासला फिरता नौदल तळ : माझा अनुभव

रावेर तालुक्यात राहून फायनल इयरला जहाजाचा प्रोजेक्ट घेतला, तेव्हा पहिली अडचण आली ती मॉडेल तपासायचं कुठे याची. मोठ्या संस्थांकडे त्यासाठी लांबलचक टाक्या असतात. आमच्याकडे काकांच्या केळीबागेचं शेततळं होतं. खालचा कागद फाटला तर सगळं पाणी जाईल, म्हणून काका लवकर तयार होईनात. शेवटी म्हणाले, "चपला काढून उतरायचं भो, आणि तारबिर काही टोचायचं नाही."

विषय होता समुद्रात हलवता येणारा नौदल तळ. 1990च्या दशकात अमेरिकी नौदलाने याचा सखोल अभ्यास केला. सुमारे 300 मीटरचे अर्धबुडीत भाग समुद्रातच जोडून दीडेक किलोमीटरची धावपट्टी करायची आणि तिच्यावर सी-17सारखं अवजड मालवाहू विमान उतरवायचं, अशी कल्पना होती. आपली विक्रांत 262 मीटरची आहे. तो तळ बांधला गेला नाही, पण त्यामागचं गणित मला आजही थक्क करतं.

मॉडेल 1:200चं, म्हणजे एकेक भाग दीड मीटरचा. खाली चार इंची पीव्हीसी पाईप, त्यावर बारीक पाईपांचे खांब, वर प्लायचा डेक. लाट पाण्याच्या पृष्ठभागाजवळ जास्त जोर करते. तिथे फक्त खांब असले की तिला उचलायला फारसं काही सापडत नाही. समुद्रातली 12 सेकंदांची लाट या मापात सुमारे 0.85 सेकंदाची होते. मित्र प्लायची फळी त्या ठेक्यात हलवायचा, मी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायचो.

खरा जीव अडकला सांध्यात. दोन भागांना खाली बिजागरी, वर ताण मोजायला स्प्रिंगचा काटा. बलाचं माप लांबीच्या घनाने वाढतं, त्यामुळे काट्यावरचा एक किलो म्हणजे प्रत्यक्षात 8,000 टन! काटा काढून सांधा सैल सोडला की ताण जातो, पण डेक सांध्यापाशी मोडल्यासारखा वर-खाली होतो आणि विमानाला सपाट धावपट्टी मिळत नाही. घट्ट केला तर तोच ताण पोलादाला सोसावा लागतो. मधला मार्ग म्हणून रबराचे तुकडे घातले. चित्रणात डेकची चाल बरीच सुधारलेली दिसली, आणि तोंडी परीक्षेत सरांनी सर्वाधिक प्रश्न त्यावरच विचारले.

पुढच्या बॅचने हे करायला घेतलं तर लाट तिरकी सोडून बघा. तेव्हा सांधा वाकतो तसा पिळतोही, आणि ते मोजायचं आमचं राहिलंय.