ऑनर मोडमध्ये टिकायचे असेल तर बाहेरची वाट आधी शोधावी

बेल्जियममधील गेंट शहरातल्या लारियन स्टुडिओजने ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकाशित केला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला आलेल्या पाचव्या पॅचमध्ये त्याला ‘ऑनर मोड’ ही सर्वांत वरची काठिण्यपातळी जोडली. या पातळीवर संपूर्ण मोहिमेची एकच सेव्ह फाइल असते. आपण मुद्दाम सेव्ह केले तरी तीच फाइल बदलते, त्यामुळे झालेली गोष्ट झाली, मागे जाऊन ती सुधारता येत नाही. पार्टीतले, म्हणजे आपल्या गटातले, चौघेही पडले की मोहीम संपते. त्यानंतर फाइल पुसून टाकायची किंवा मानाचा किताब सोडून साध्या पद्धतीने पुढे खेळायचे, एवढेच हाती उरते. लारियनने ऑगस्ट २०२४ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले त्यांनुसार तोवर सुमारे १ लाख ४१ हजार जणांनी हा मोड जिंकला होता आणि १२ लाखांहून अधिक पराभव नोंदले गेले होते. हरलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी फाइल पुसून टाकली होती.

मी ही मोहीम पुरी केली आहे, आणि माझा भाचा, जो शिक्षणासाठी इंदूरला आमच्याकडे राजेंद्रनगरात राहतो, सध्या ती खेळतो आहे. त्याचा सगळा भर पहिल्या घावात शत्रू आडवा करण्यावर असतो. माझे मत असे की या पातळीवर टिकण्यासाठी लढाईत शिरण्यापूर्वी तिच्यातून बाहेर पडण्याची वाट ठरलेली असावी लागते, आणि बाकीची सारी हुशारी त्यानंतर येते.

या मताच्या मुळाशी थोडे गणित आहे. गेमचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीवर आधारलेले असून त्यांत जवळजवळ प्रत्येक गोष्ट वीस बाजूंच्या फाशावर ठरते. मोहिमेत चाळीस धोक्याच्या लढाया आहेत असे धरू आणि प्रत्येक लढाईत वाचण्याची शक्यता ९५ टक्के आहे असेही धरू. ऐकायला ही शक्यता उत्तम वाटते, पण चाळीसही लढायांतून वाचण्याची एकत्रित शक्यता केवळ १३ टक्क्यांच्या आसपास येते. तीच शक्यता प्रत्येक लढाईमागे ९९ टक्क्यांवर नेली तर एकत्रित शक्यता ६७ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. पार्टी बलवान करून आपण ९५ टक्क्यांपर्यंत येतो. वरचे चार टक्के मात्र आणखी धारदार तलवारीने मिळत नाहीत, कारण ते अशा प्रसंगांचे असतात जिथे सलग तीन फासे उलटे पडतात आणि तलवार चालवणारा माणूसच जमिनीवर असतो. खालच्या पातळ्यांवर अशा वेळी जुने सेव्ह उघडून पुन्हा खेळता येते, त्यामुळे या चार टक्क्यांचा विचार करण्याची सवयच आपल्याला नसते.

फासा आपल्या बाजूला झुकवण्याचे मार्ग गेममध्ये आहेत आणि ते सगळे वापरावेत. ‘ॲडव्हान्टेज’ मिळाला की दोन फासे टाकून मोठा धरला जातो, त्यामुळे ५० टक्क्यांचा नेम ७५ टक्क्यांवर जातो आणि ९० टक्क्यांचा ९९ वर. उंचावरून मारा केला तर नेमात दोनची भर पडते, खालून वर केला तर दोनची घट होते. संवादातील कसोटीत फाशावर एक पडला तर कौशल्य कितीही असले तरी ती फसते, म्हणून तिथे ‘इन्स्पिरेशन’ राखून ठेवावे; ते एका वेळी चारपर्यंत साठते आणि फसलेला फासा पुन्हा टाकू देते.

परंतु या सगळ्यांहून मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पहिली पाळी कोणाची, हा प्रश्न. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या मूळ खेळात पाळीचा क्रम वीस बाजूंच्या फाशावर ठरतो. या गेममध्ये मात्र त्यासाठी चार बाजूंचा फासा टाकला जातो आणि त्यात चपळाईचा अंक मिळवला जातो. चौथ्या लेव्हलला घेता येणारे ‘अलर्ट’ हे फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) या बेरजेत सरळ पाचची भर घालते आणि आपल्यावर अचानक हल्ला होऊ देत नाही. ज्याची चपळाई १६ आहे त्याला तिचे तीन मिळतात, अलर्टचे पाच मिळतात, आणि फासा कसाही पडला तरी त्याची बेरीज नऊ ते बारामध्ये येते. चपळाई १४ असलेल्या साध्या शत्रूची बेरीज तीन ते सहामध्ये अडकते. याचा अर्थ असा की फाशाचा प्रश्नच मिटतो. ज्यांना हे फीट देता येत नाही त्यांना ‘एलिक्सिर ऑफ व्हिजिलन्स’ पाजावे, त्यानेही पाचच मिळतात आणि त्याचा परिणाम लांब विश्रांतीपर्यंत, म्हणजे छावणीतल्या पुढच्या झोपेपर्यंत, टिकतो. पाळीच्या रांगेत आपली माणसे लागोपाठ आली की त्यांना हव्या त्या क्रमाने, आळीपाळीने हलवता येते. चौघेही शत्रूच्या आधी हलले तर पहिली फेरी संपेपर्यंत निम्मेच शत्रू उरतात, आणि त्याहून अधिक उरले तरी निदान परिस्थिती किती वाईट आहे हे पळ काढण्याइतके आधी कळते.

स्फोटक पिंपे रचून बॉस उडवून देण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. ती चालते, यात वाद नाही, पण पिंपे उचलून नेण्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि मला ती शुद्ध हमाली वाटते.

लांब विश्रांतीला सोप्या पातळ्यांवर ४० एककांची शिधासामग्री लागते, ऑनर मोडमध्ये ८० लागते. हा आकडा पाहून अनेक जण काटकसर सुरू करतात आणि निम्मे मंत्र संपलेली पार्टी घेऊन पुढच्या लढाईत शिरतात. प्रत्यक्षात प्रत्येक पेटी, प्रत्येक पिंप आणि प्रत्येक स्वयंपाकघर उघडून पाहिले तर शिधा उरतो. इंदूरकराला खाण्याची जमवाजमव शिकवावी लागू नये. विश्रांती टाळण्याचे खरे कारण फक्त एकच आहे: काही घटना तिच्याबरोबर पुढे सरकतात. पहिल्या अंकात वॉकीन्स रेस्ट नावाची धर्मशाळा जळताना दिसते, ती पाहून आपण झोपायला गेलो तर आत अडकलेले लोक वाचत नाहीत. अशी एखादी सुरू झालेली घटना हाती नसेल तर मोठ्या लढाईपूर्वी नेहमीच झोप काढावी.

आता माघारीकडे वळतो. शत्रूपासून पुरेसे दूर गेलेला सोबती लढाई सोडून छावणी गाठू शकतो, आणि छावणीत विदर्स नावाचा एक सांगाडावजा गृहस्थ असतो, जो २०० सुवर्णमुद्रा घेऊन कोणत्याही मेलेल्या सोबत्याला उठवतो, प्रेत रणांगणावरच राहिले असले तरीसुद्धा. म्हणजे चारपैकी एक जरी निसटला तरी मोहीम शाबूत राहते. या एका नियमावर माझी सारी रचना उभी होती. धोक्याच्या प्रत्येक लढाईत एक जण असा ठरलेला असे की ज्याच्याजवळ ‘मिस्टी स्टेप’ हा मंत्र आहे, जो कोणाशीही हातघाईवर नाही आणि जो दारापासून फार लांब गेलेला नाही. मिस्टी स्टेप बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या मुख्य ॲक्शनखेरीज मिळणाऱ्या छोट्या कृतीत, १८ मीटर दूर नेतो आणि त्यात जवळच्या शत्रूला पाठीवर वार करण्याची संधी मिळत नाही. उरलेल्या ॲक्शनमध्ये धाव घेता येते. हा मंत्र येत नसेल तर त्याचा स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी, चालतो, कारण या गेममध्ये स्क्रोल कोणीही वापरू शकतो. फार मोठ्या लढाईत मी चौथ्याला मुळात नेतच नसे. त्याला गटातून वेगळा काढून दूर उभा करायचा आणि तिघांनी लढायचे. मारा थोडा कमी पडतो, पण तिघेही पडले तरी मोहीम संपत नाही.

भाच्याला हे मुळीच पटत नाही. “मामा, तुम्ही तर लढाई सुरू व्हायच्या आधीच पळायची सोय बघता,” असे तो मला म्हणाला. मी म्हटले, “अरे, सुरू झाल्यावर बघायला वेळ कोणाला असतो?” त्यावर त्याने पानिपत काढले. इंदूरच्या मराठी घरात माघारीवरची कोणतीही चर्चा फार वेळ पानिपताशिवाय राहू शकत नाही, कारण १४ जानेवारी १७६१ रोजी मल्हारराव होळकर आपल्या फौजेतील काही भाग घेऊन रणातून बाहेर पडले, या गोष्टीचा निवाडा आमच्याकडे अजून व्हायचा आहे. एक पक्ष त्यांना दोष देतो; दुसरा पक्ष दाखवून देतो की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मांगरोळला जयपूरच्या माधोसिंहाला हरवणारे सेनापती तेच मल्हारराव होते, आणि ते वाचले नसते तर उत्तरेतली मराठ्यांची बाजू सावरायला कोण उरले असते? मी दुसऱ्या पक्षाचा आहे. माझ्या मेहुण्यांचे घराणे पुण्याकडचे असल्याने भाचा जन्मतःच पहिल्या पक्षाचा आहे, त्यामुळे हा वाद गेमपुरता राहिला नाही आणि जेवणाच्या ताटावरही चालला.

माघार कधी घ्यायची, हे मात्र आधी ठरवून ठेवावे लागते, नाहीतर “आणखी एकच फेरी” असे म्हणत माणूस अडकतो. माझी खूण अशी होती: दोन जण पडले आणि त्याच फेरीत त्यांना उठवता येत नसेल, तर ठरलेला माणूस निघतो. पडलेला सोबती लगेच मरत नाही. प्रत्येक पाळीला तो एक फासा टाकतो, दहा किंवा त्याहून अधिक पडले तर यश, आणि तीन अपयशे झाली की मृत्यू. शेजारी पोहोचता येत नसेल तर औषधाची बाटली त्याच्याजवळ फेकूनही तो उठतो, हे नवख्यांना बहुधा माहीत नसते. पण पडलेल्याला उठवण्यासाठी धावलेला दुसराही पडतो आणि त्याच्यामागे तिसरा, अशा रीतीनेच बहुतेक मोहिमा बुडतात, आणि म्हणून निघायची वेळ झाली की बाटली हातात असली तरी निघावे.

माघारीने सुटत नाहीत असेही काही प्रसंग आहेत. त्यांतला सर्वांत अवघड दुसऱ्या अंकातला आहे. शापित प्रदेशात लास्ट लाइट इन नावाची सराई इसोबेल या एकाच स्त्रीच्या संरक्षक प्रकाशाखाली तग धरून असते. तिच्याशी बोलणे झाले की मार्कस नावाचा शत्रू तिला पळवून नेण्यासाठी हल्ला करतो, आणि ती पडली तर प्रकाश विझून सराईतले जवळजवळ सगळे लोक शापाला बळी पडतात. इथे आपली पार्टी सुखरूप निसटली तरी सराई जाते, तिच्याबरोबर कितीतरी माणसांच्या कथा जातात आणि फाइल एकच असल्यामुळे त्या परत येत नाहीत. यावर उपाय एवढाच की इसोबेलकडे जाण्यापूर्वी झोप काढावी, एलिक्सिर प्यावे, बोलणारा एक जण सोडून बाकीच्या तिघांना तिच्या खोलीत आणि बाहेरच्या गच्चीवर आधीच उभे करावे, आणि मगच तोंड उघडावे. पहिल्या पाळीचे जे महत्त्व वर सांगितले ते इथे सर्वाधिक जाणवते, कारण शत्रूंना दोन फेऱ्या मोकळ्या मिळाल्या तर इसोबेल वाचत नाही.

ऑनर मोडची खास म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे बॉसच्या ‘लेजंडरी ॲक्शन्स’: आपल्या एखाद्या कृतीला उत्तर म्हणून बॉस स्वतःची पाळी नसतानाही काहीतरी करतो. त्यांची भीती घालण्याची पद्धत आहे, पण मला त्या फारशा जड गेल्या नाहीत, कारण शत्रूवर ‘एक्झॅमिन’ केले की ती कृती कशाने सुरू होते हे तिथेच लिहिलेले असते. जे वाचतात त्यांना ती टाळता येते. याउलट ‘हेस्ट’ या वेग वाढवणाऱ्या मंत्रातला बदल चुपचाप नुकसान करतो: इतर पातळ्यांवर त्यातून मिळणाऱ्या जादा ॲक्शनमध्ये एकाहून अधिक वार करता येतात, ऑनर मोडमध्ये एकच, त्यामुळे जुन्या सवयीने आखलेला हिशोब ऐन वेळी अपुरा पडतो.

शेवटच्या अंकात लेव्हल १२ ची मर्यादा येते आणि पार्टी इतकी बलवान झालेली असते की अवघड लढाया थोड्याच उरतात. त्यांतल्या काही ठिकाणी छावणीकडे जाण्याची वाट नसते आणि म्हणून माघारीची जागा बचावाला घ्यावी लागते. ‘ग्लोब ऑफ इन्व्हल्नरेबिलिटी’चे स्क्रोल मी त्यासाठीच साठवले होते, त्या गोलाच्या आत तीन फेऱ्या कोणालाच इजा होत नाही, अर्थात आत शिरलेल्या शत्रूलाही होत नाही, तेव्हा तो कुठे उभारायचा याचा विचार करावा लागतो. मोहीम जिंकल्यावर सोनेरी रंगाचा फासा मिळतो, जो पुढच्या खेळात वापरता येतो आणि इतर फाशांइतक्याच वेळा एकवर पडतो.

भाच्याची पार्टी परवा सराईच्या दारापर्यंत आली आहे. त्याच्या चौघांत अलर्ट घेतलेला अजून एकही नाही, आणि पानिपताविषयीचे त्याचे मतही तसूभर बदललेले नाही. तरीपण काल मी त्याची सामानाची यादी सहज पाहिली, तर तिघांच्या झोळीत मिस्टी स्टेपचे स्क्रोल होते.