एचआयव्ही नक्की कुठल्या माकडांकडून आला?

एचआयव्ही माकडांकडून आला म्हटलं की लोक काहीही घाणेरडे अंदाज बांधतात, खरंच चीड येते. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ (एचआयव्हीचा मुख्य प्रकार) चा एम गट आलाय आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींकडून. आणि हे शोधलं कसं, तर जंगलात पडलेली चिंपांझींची विष्ठा गोळा करून त्यात अँटीबॉडीज (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) आणि व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, तपासलं, एकाही प्राण्याला हात न लावता! २००६ ला हे छापून आलं. बहुतेक शिकार कापताना रक्त जखमेत गेलं असणार, बास एवढंच, मग १९२० च्या आसपास व्हायरस कांगोतल्या किन्शासा शहरात पोचलेला होता. एचआयव्ही-२ वेगळा, तो आला पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांकडून, ती बिचारी त्यांच्यातल्या व्हायरसने सहसा आजारी पडतच नाहीत. चिंपांझी मात्र त्यांच्यातल्या व्हायरसने पडतात, टांझानियात गोम्बे राष्ट्रीय उद्यानात दिसलंय ते.