पिवळ्यात निळं येतं कुठून: मिनी ऑफसेटची पुढची खबर

सापडलं! माझ्या छोट्या ऑफसेट छपाई मशीनवर बहाव्याचं चित्र छापताना त्याच्या पिवळ्यात निळं कुठून मिसळतं ते एकदाचं कळलं. ज्या इंकिंगच्या (शाई पसरवणाऱ्या रोलरांच्या) मागे मी हात धुऊन लागलो होतो, त्याचा यात काही संबंधच नव्हता.

लक्षणं तीच, मागे लिहिलेली. निळा रंग उरकायचा, रोलर धुवायचे, पिवळी शाई चढवायची. पहिले पन्नासएक ताव लख्ख. मग रंग हळूहळू फिरायला लागतो आणि शे-दीडशे तावांनंतर बहाव्याच्या घोसांची कच्ची कैरी झालेली असते. निळ्यातलं थॅलो पिगमेंट (रंगद्रव्य) भारी जोरकस. त्याचा किंचित अंशही पिवळ्याला हिरवं करायला पुरतो. तेवढंच निळं काळ्यात गेलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

मागचं वाचून बहुतेकांनी रोलरच्या कडा बघायला सांगितलं होतं. सल्ला रास्तच, कडांना जुनी शाई चिकटून राहते आणि रोलर तापले की सुटते. त्या ब्रशने घासून काढल्या. वर बळीची शाई चढवली: स्वस्तातली पिवळी, मशीन थोडा वेळ नुसतं फिरवायचं, सगळी पुसून काढायची, मग खरी शाई. डबीतली, डक्टमधली (मशीनच्या शाईच्या टाकीतली) आणि प्लेटला टेकणाऱ्या फॉर्म रोलरवरची शाई बोटाने टिपून आर्ट पेपरवर शेजारी शेजारी थापून पाहिली. डबी स्वच्छ, डक्ट स्वच्छ, रोलरही सुरुवातीला स्वच्छ. छपाई रंगात आली की मात्र रोलरवरचा ठिपका हिरवट.

ऑफसेटमध्ये कोऱ्या जागेवर शाई बसू नये म्हणून प्लेटला पाणी लावतात. मग सुचलं, ते पाणीच बंद करून बघू. जुनी पीएस प्लेट (छपाईची तयार प्लेट) चढवली, डॅम्पनिंगचे, म्हणजे पाणी लावणारे, फॉर्म रोलर उचलून ठेवले, शाई अगदी पातळ ठेवली आणि कोरडंच चालवलं. पाणी नाही म्हटल्यावर अख्खी प्लेट शाई पकडणार, ताव या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पिवळा येणार. तसाच आला, पण काय सुरेख पिवळा! थांबेपर्यंत एकाही तावात हिरवी झाक नाही. मग डॅम्पनिंग टेकवलं आणि थोड्याच वेळात हिरवे साहेब हजर. ते दोन्ही ताव भिंतीवर शेजारी शेजारी लावलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला विनाकारण समजावून सांगतो.

म्हणजे चोर मोलटनमध्ये, पाण्याच्या रोलरवरच्या कापडी कव्हरात. निळा छापताना प्लेटवरची शाई थोडी थोडी उलटी मोलटनवर चढते आणि कापडाच्या आत मुरते. वरवर घासलं की कापड बऱ्यापैकी पांढरं दिसतं. ओलं होऊन प्लेटवर घासत राहिलं की आतलं निळं बाहेर पडतं, प्लेटवरून फॉर्म रोलरवर आणि तिथून सगळ्या इंकिंगमध्ये चढत जातं. इंकिंग कितीही धुवा, खालून पुरवठा चालूच. खात्रीसाठी ओल्या मोलटनवर टिपकागद दाबून धरला. निळसर डाग उमटला. ट्रेमधलं पाणी पांढऱ्या वाटीत घेतलं तर त्यालाही झाक होती, ट्रेमध्ये ती अजिबात दिसत नव्हती.

मोलटन रॉकेलने धुवायचा सल्ला देणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. रॉकेल मागे तेलकट पापुद्रा ठेवतं, मग कापड पाणी कमी धरतं आणि शाई जास्त. मी ज्या दुकानातून रोलर धुवायचा वॉश आणतो तिथेही "मोलटनला पण चालतो" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. चालत नाही.

शेवटी नवी कव्हरं चढवली. ओली करून ताणली, टोकं दोऱ्याने आवळली. नवं कापड जाड, त्यामुळे दाब पहिल्यापासून लावावा लागला: रोलर आणि प्लेट यांच्यात कागदाच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना सारखीच ओढ लागेपर्यंत. पिवळा स्वच्छ निघाला, पण आता हिकी! नव्या कापडाचे तंतू सुटून प्लेटवर बसतात. घोसाच्या मधोमध ठिपका आणि भोवती पांढरं कडं. कव्हरं नुसत्या पाण्यावर, शाईशिवाय बराच वेळ फिरवल्यावर प्रमाण उतरलं, पूर्ण गेलेलं नाही.

ठरवलं होतं की रंगागणिक कव्हरांचा वेगळा संच ठेवायचा. क्रोमोलिथोत (दगडावरून होणाऱ्या जुन्या रंगीत छपाईत) प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे, मग मला चार जोड कव्हरं काय जड? पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. प्रत्येक रंगाला कव्हर बदलायचं म्हणजे प्रत्येक वेळी दाबही नव्याने लावायचा, आणि शिवाय तंतू. त्यापेक्षा कव्हरच काढून उघड्या रबरावर चालवलं तर? पाण्यात थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालावं लागेल, कारण उघडं रबर कापडासारखं पाणी साठवत नाही. शाई रबरावरही चढेल, पण चिंधीने पुसली की गेली. मुरायला कापडच नाही. कव्हराची जाडी भरून काढायला रोलर मात्र जास्त व्यासाचे करून घ्यावे लागतील, मऊ रबराचे. रबर चढवून देणारा एक कारागीर माहितीत आहे. काम चोख, तारखा मात्र त्याच्या मर्जीच्या.

रोलर येईपर्यंत क्रम बदलतो: आधी पिवळा, मग मॅजेंटा, निळा, काळा शेवटी. बहाव्याचे सगळे पिवळे ताव एकदम काढून ठेवतो. पावसाळी हवेत कागद ताणला तर रजिस्टर (रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं) बोंबलेल, म्हणून गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून ठेवणार. उघड्या रबरावर कुणी मॅपलिथो कागद छापलाय का? रबर किती शोअरचं (कडकपणाचं माप) घेतलंत आणि आयपीए किती टक्के, तेवढं सांगा. कारागिराला उद्या-परवा फोन करायचा आहे.